सोलर वॉटर हीटरच्या जुन्या जीआय पाईपवरचे गंजलेले भाग कसे बदलावेत

सोलापुरात उन्हाची कमतरता नसल्यामुळे गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर वर्षानुवर्षे काम देतो. मात्र टाकी किंवा काचेच्या नळ्या निकामी होण्याच्या कितीतरी आधी गरम पाण्याच्या जीआय पाईपवरचे निप्पल (दोन्ही टोकांना बाहेरून आटे असलेला छोटा तुकडा), एल्बो (वळणाचा जोड) आणि युनियन (मधल्या नटाने खोलता येणारा जोड) गळू लागतात. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड. थंड पाण्यात हा मुलामा स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवतो. परंतु पाणी साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की हे संरक्षण कमकुवत होते आणि लोखंडालाच खड्डे पडू लागतात. त्यात टाकीत बोअरचे जड पाणी येत असेल, तर तापल्यावर त्यातील क्षार वेगळे होऊन पाईपच्या आत थरावर थर बसतात. म्हणून गरम बाजूचे भाग आधी जातात आणि येथे तीच बाजू घेतली आहे.

नळाला पाणी येण्याच्या आदल्या दिवशीची सकाळ या कामासाठी निवडावी, कारण पाणी काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या शहरात, काम बिघडून टाकी रिकामी झाली तरी दुसऱ्या दिवशी ती भरता येते. कामाच्या आदल्या दिवशी सकाळीच काचेच्या नळ्यांवर घरातील जुनी, जाड सोलापुरी चादर घट्ट बांधून टाकावी आणि टाकीतील गरम पाणी संध्याकाळपर्यंत वापरून घ्यावे. झाकलेल्या नळ्या तापत नाहीत, त्यामुळे काम करताना उकळत्या पाण्याचा फवारा अंगावर येण्याचा धोका टळतो. कोरड्या आणि तापलेल्या नळ्यांत थंड पाणी गेले तर काच तडकते, हेही लक्षात ठेवावे.

सामान घेताना मापाची गल्लत हमखास होते. अर्धा इंची जीआय पाईप बाहेरून मोजला तर सुमारे २१ मिलिमीटर भरतो, पाऊण इंची सुमारे २७ आणि एक इंची सुमारे ३४. टेपने मोजून 'एक इंच' दिसला म्हणून एक इंची भाग आणला, तर तो बसत नाही. शक्य असल्यास त्याच मापाचा जुना तुकडा दुकानात न्यावा. नवा पाईपचा तुकडा घ्यायचा असेल तर निळ्या पट्ट्याचा मध्यम किंवा लाल पट्ट्याचा जाड घ्यावा; पिवळ्या पट्ट्याचा हलका पाईप गरम पाण्यासाठी घेऊ नये. यूपीव्हीसी या प्लास्टिकचा तुकडा तर मध्ये मुळीच घालू नये, कारण तो या उष्णतेत मऊ पडतो.

आता प्रत्यक्ष काम. गच्चीवरच्या टाकीकडून सोलरकडे येणारा थंड पाण्याचा कॉक बंद करावा आणि बाथरूममधील गरम पाण्याचा नळ बादलीत सोडावा. बहुतेक सोलर टाक्यांत गरम पाण्याचे तोंड वरच्या बाजूला असल्याने पाणी त्या पातळीपर्यंतच उतरते आणि बाकीची टाकी भरलेली राहते. सगळे पाणी काढण्याची गरज पडत नाही.

जुना भाग खोलणे हाच या कामाचा खरा कस आहे. जुळे सोलापुरातील आमच्या घरी मी पहिल्यांदा एकाच पाईप पान्याने एल्बो फिरवायला गेलो, तेव्हा एल्बो जागचा हलला नाही, पण मागचे निप्पल टाकीच्या तोंडासकट फिरले आणि तेथील वेल्डिंगला चीर गेली. पन्नास रुपयांच्या भागासाठी टाकी दुरुस्तीला न्यावी लागली. तेव्हापासून माझा आग्रह एकच आहे: दोन पाने हवेतच. एक पाना टाकीकडच्या भागावर अडकवून तो घट्ट धरून ठेवावा आणि दुसऱ्याने फक्त बदलायचा भाग फिरवावा, म्हणजे जोर जुन्या सांध्यापर्यंत पोहोचत नाही. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. सकाळी भागाभोवती हातोडीने हलके ठोके द्यावेत, आधी किंचित आवळावे आणि मग सोडवावे. तरीही निप्पल तुटून त्याचे आटे सॉकेटमध्ये (आतून आटे असलेल्या जोडात) अडकले, तर हॅक्सॉच्या पात्याने आतून दोन उभे काप द्यावेत, सॉकेटच्या आट्यांना पाते लागू देऊ नये, आणि मधली पट्टी आत वाकवून काढावी.

रिकामे आटे तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत साफ करावेत. नव्या भागाच्या बाहेरच्या आट्यांवर, तोंड आपल्याकडे धरून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे ताणून द्यावेत. उलटे वेढे आवळताना उलगडून बाहेर येतात. पहिला आटा मोकळा ठेवावा, म्हणजे टेपचे तुकडे पाण्यात जात नाहीत. भाग आधी हाताने तीन-चार फेरे बसला पाहिजे. पहिल्याच फेऱ्यात अडला तर आटे तिरके बसले आहेत, तेव्हा काढून पुन्हा लावावा.

दोन्ही टोकांनी जखडलेल्या पाईपमध्ये नवा तुकडा फिरवून बसवता येत नाही, कारण एका बाजूचे आटे आवळले की दुसऱ्या बाजूचे सुटतात. त्यासाठी मध्ये युनियन घालावे लागते. युनियनची दोन्ही टोके टेप लावून बसवावीत. मात्र त्याच्या दोन तोंडांमध्ये टेप लावू नये, कारण तेथे घासून जुळवलेला धातूच पाणी अडवतो. दोन्ही पाईप सरळ रेषेत आले आहेत याची खात्री झाल्यावरच त्याचे नट आवळावे. टाकीवरचा हवेचा उभा पाईप या गडबडीत बुजला नाही ना, हे आवर्जून पाहावे. त्यावर कॉक किंवा प्लग कधीही बसवू नये, वाफेला बाहेर पडण्याचा तोच मार्ग असतो.

थंड पाण्याचा कॉक हळूहळू उघडावा आणि बाथरूमचा नळ हवा फुरफुरणे थांबेपर्यंत चालू ठेवावा. सुटलेले गंजाचे पापुद्रे शॉवरमध्ये अडकू नयेत म्हणून पहिल्या दोन बादल्या नळातूनच काढाव्यात आणि ते पाणी झाडांना घालावे. प्रत्येक सांध्याभोवती कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळून अर्ध्या तासाने पाहावा. ओल चटकन दिसते. मग ऊन चढण्याआधी चादर काढावी. तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि रात्री आकसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी हीच तपासणी पुन्हा करावी आणि कागद कोरडा निघाल्यावरच पाईपवर उष्णतारोधक आवरण चढवावे.