रोगकारक जनुकांचा शोध घेताना या चुका टाळा

एखादे जनुक निकामी केले, जिवाणूंचा यजमान पेशींतला शिरकाव घटला आणि लगेच वहीत ‘संसर्गाचे जनुक सापडले’ अशी नोंद झाली, की पुढचे कित्येक महिने वाया जाण्याची तयारी झाली असे समजावे. म्यूटंट, म्हणजे जनुक निकामी केलेला जिवाणू, नापास झाला, पण नेमका कशात, हे आधी पाहावे लागते. जो साध्या पोषक द्रवातही सावकाश वाढतो, तो पेशींवर टाकल्यावर कमी आढळणारच. म्हणून मूळ जिवाणू आणि म्यूटंट यांची पेशींविना होणारी वाढ शेजारीशेजारी मोजावी. कशाभिका, म्हणजे पोहण्याचे शेपटीसारखे धागे, गमावलेला साल्मोनेला जिवाणू तर पेशींपर्यंत पोहोचतच नाही. पेशींची प्लेट हलकेच सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून, जिवाणू पेशींवर बसवल्यावर जर फरक नाहीसा झाला, तर दोष शिरण्यात नसून पोहण्यात होता.

सर्वाधिक फसगत जेन्टामायसिन या प्रतिजैविकाच्या चाचणीत होते. हे औषध सस्तन प्राण्यांच्या पेशींत सहजी शिरत नाही, त्यामुळे बाहेरचे जिवाणू मरतात, आतले वाचतात, आणि पेशी फोडून आलेल्या जिवाणूंच्या कॉलनी (वसाहती) मोजल्या की शिरकाव कळतो. मात्र म्यूटंट घडवताना घातलेले प्रतिरोधी जनुक जेन्टामायसिनलाही दाद देत नसेल, तर बाहेरचे जिवाणूही मोजणीत येतात. याउलट संसर्गाने पेशींचे आवरण फाटले, तर औषध आत झिरपते आणि ज्या जिवाणूने उत्तम शिरकाव केला तोच दुबळा भासतो. ही दुसरी चूक अधिक लबाड आहे, कारण आकडे अगदी नीटनेटके दिसतात. पेशी जिवंत आहेत ना, हे त्याच वेळी तपासावे.

जनुके बंद पाडण्यासाठी वापरला जाणारा ट्रान्सपोझॉन (डीएनएचा उड्या मारणारा तुकडा) ऑपेरॉनच्या, म्हणजे एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या रांगेच्या, सुरुवातीच्या जनुकात घुसला, तर पुढची जनुकेही गप्प होतात आणि दोष भलत्याच जनुकाच्या माथी लागतो. यावर उपाय म्हणजे शाबूत जनुक प्लाझ्मिडवरून (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या वेगळ्या कड्यावरून) परत देऊन गमावलेला गुण परततो का, हे पाहणे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅन्ली फॉल्को यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या रेण्वीय कॉख निकषांत, म्हणजे जनुक रोगाला कारणीभूत आहे हे ठरवण्याच्या अटींत, ही अट आहे, तरी घाईत नेमकी तीच गाळली जाते.

म्यूटंटमध्ये काहीच फरक न दिसल्यास जनुक निरुपयोगी ठरवू नये. लेजिओनेला न्यूमोफिला हा जिवाणू यजमान पेशीत ३००हून अधिक प्रथिने सोडतो आणि त्यांपैकी अनेक एकमेकांची उणीव भरून काढतात. अशा वेळी उलटा मार्ग उपयोगी पडतो: १९८५ मध्ये इसबर्ग आणि फॉल्को यांनी यर्सिनिया या रोगकारक जिवाणूचे एकच जनुक निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूत घातले, तेव्हा तो पेशींत शिरू लागला.

हजारो म्यूटंट एकत्र तपासताना आणखी एक पेच असतो. बाहेर स्रवणारे प्रथिन शेजारच्या जिवाणूकडून उसने मिळते, त्यामुळे त्याचे जनुक गमावलेला म्यूटंट गर्दीत तगून जातो. तो एकटा तपासला, तरच त्याची उणीव उघडी पडते.