पखवाजाची कणीक स्वयंपाकघरातून उचलू नका

एकादशीच्या भजनात दोन अभंग झाले की पखवाजाचा धुमा, म्हणजे डावीकडची खर्जाची बाजू, बद्द वाजायला लागतो, त्यावर लावलेली कणीक सुकून कडेनं सुटते. आमच्या खानापूर भागात बऱ्याच वेळा घाईत चपातीसाठी मळलेला गोळाच आणून थापतात. त्यात तेल आणि मीठ असतं. तेलानं कणीक सरकते, मिठानं कातडं खराब होतं.

मी आता असं करतो:

१. मूठभर गव्हाचं पीठ (मैदा नको) नुसत्या पाण्यात मळायचं. चपातीच्या कणकेपेक्षा थोडं सैल, पण बोटाला चिकटून ओढलं जाणार नाही इतपत. दहा मिनिटं झाकून ठेवायचं.

२. धुम्याच्या मध्यभागी ओलं बोट फिरवून गोळा दाबून बसवायचा, कडा पातळ करत न्यायच्या. कणीक वाढवली की आवाज खाली जातो, काढली की वर येतो. म्हणून एकदम थापू नका. चिमूट चिमूट लावा, मध्ये थाप मारून ऐका. पेटीवाल्याला तेवढा वेळ थांबवा, तो कुरकुरला तरी.

३. लिंबाएवढा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून वाटीत जवळ ठेवायचा. पंख्याखाली बसला असाल तर हा लागतोच. चहाच्या वेळी धुम्यावर ओलं बोट फिरवलं तरी पुढचे दोन-तीन अभंग निघतात.

भजन संपल्यावर कितीही झोप आली तरी कणीक काढा. सुरीनं नको, चमच्याच्या कडेनं. मग ओल्या फडक्यानं पुसून, सावलीत वाळवूनच गवसणी घाला. गेल्या पावसाळ्यात मी तसाच ठेवला होता. उंदरानं कणकेबरोबर पुडीही, म्हणजे धुम्याचं कातडंही, खाल्ली.