लिंगभाव आणि गुन्हेगारीवरील विद्यार्थी-संशोधनाला अभ्यास परिषदेने आधार कसा द्यावा

समाजशास्त्र, स्त्री-अभ्यास, कायदा किंवा गुन्हेशास्त्र या विषयांच्या परिषदा, म्हणजे अभ्यासकांच्या संस्था, विद्यार्थ्यांसाठी काही करायचे ठरवतात, तेव्हा बहुधा वार्षिक अधिवेशनात उत्कृष्ट शोधनिबंधाला पारितोषिक देण्याचा ठराव होतो. त्यात गैर काही नाही; परंतु लिंगभाव आणि गुन्हेगारी या विषयावर काम करणाऱ्या एम.ए. किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची खरी अडचण निबंध लिहून झाल्यावर उरलेली नसते. ती आधीच, पोलीस ठाण्यात, न्यायालयाच्या नक्कल विभागात आणि मुलाखत द्यायला कचरणाऱ्या बाईच्या उंबरठ्यावर येऊन गेलेली असते. म्हणून परिषदेजवळ पैसा थोडाच असेल, तर तो निबंधाच्या शेवटी न देता क्षेत्रकार्याच्या आधी द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले काम परिषदेच्या अंतर्गत रचनेचे आहे. १९४१ साली स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजीने १९८० च्या दशकात स्त्रिया आणि गुन्हेगारी या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. पुढे त्या विभागाने विद्यार्थ्यांसाठी निबंधस्पर्धा आणि २००६ पासून स्वतःचे नियतकालिकही चालवले. आपल्याकडेही पाया आहे: इंडियन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजी १९७० पासून काम करते, आणि १९८१ साली मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय स्त्री-अभ्यास परिषदेतून पुढच्याच वर्षी इंडियन असोसिएशन फॉर विमेन्स स्टडीज उभी राहिली. लहान परिषदेने इतका मोठा घाट घालण्याची गरज नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करून तीन वर्षांच्या मुदतीची उपसमिती नेमावी, तिच्या निधीचा हिशेब वेगळा ठेवावा आणि अध्यक्ष बदलला तरी योजना बंद पडणार नाही अशी तरतूद करावी.

निधी बहुधा सभासदांच्या देणग्यांतूनच उभा राहतो. परदेशातील मराठी मंडळी मदतीला तयार असतात, पण तेथे एक गोष्ट आधी तपासावी. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. देणगीदाराने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही स्वीकारता येत नाही, मग त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरीही. खजिनदाराने हा प्रश्न धनादेश आल्यावर नव्हे, आवाहन काढण्यापूर्वीच सोडवावा.

अर्ज दोन पानांचा पुरे. त्यात विषयाचे महत्त्व विचारू नये, कारण ते प्रत्येकजण सारखेच लिहितो. आधारसामग्री कोठून मिळणार आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे विचारावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदलेले आहेत आणि त्यांतले सुमारे ३१ टक्के पती किंवा नातेवाइकांकडून होणाऱ्या क्रूरतेचे आहेत. मात्र एका प्रकरणात अनेक गुन्हे असले तर त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा मोजण्याची तेथे पद्धत आहे, त्यामुळे बलात्कार करून केलेला खून या आकड्यांत खून म्हणून जातो. ही गोष्ट ठाऊक असलेला अर्जदार आणि नुसता आलेख काढणारा अर्जदार यांतला फरक परीक्षकाला लगेच कळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील वैवाहिक हिंसेचे प्रमाण पोलिसांच्या नोंदींच्या कैक पटीने मोठे का दिसते, हेही अर्जदाराला सांगता आले पाहिजे. आरोपी स्त्रिया, तुरुंगातील स्त्रिया आणि तृतीयपंथी व्यक्तींवरील अत्याचार या विषयांचे अर्ज कमी येतात, म्हणून जाहिरातीत त्यांचा मुद्दाम उल्लेख करावा.

पैशाइतकेच उपयोगी पडते ते प्रकरणाचे कागद वाचायला शिकवणारे शिबिर. निवृत्त सरकारी वकील, महिला पोलीस अधिकारी आणि एखादा अनुभवी संशोधक यांना एकत्र बसवून प्रथम खबर (एफआयआर), घटनास्थळ पंचनामा, जबाब, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि दोषारोपपत्र, नावे पूर्ण खोडून, ओळीओळीने वाचून घ्यावे. प्रथम खबरीत घटनेची वेळ आणि ठाण्यात माहिती मिळाल्याची वेळ वेगवेगळ्या नोंदलेल्या असतात, आणि विलंबाच्या कारणासाठी स्वतंत्र रकाना असतो. त्या एका रकान्यात ‘बदनामीच्या भीतीने’ लिहिले आहे, ‘सासरी असल्याने’ लिहिले आहे की तो कोराच सोडला आहे, यावरून प्रबंधाचे एक प्रकरण उभे राहू शकते. ‘सदर इसम’, ‘लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य’ ही ठाण्याची भाषा कोणाची आहे, फिर्यादी बाईची की लिहून घेणाऱ्या हवालदाराची, हा प्रश्नही तेथेच विचारायला शिकवावे.

नैतिक तपासणी विद्यापीठावर सोडून मोकळे होऊ नये. बलात्कारासारख्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दंडनीय आहे, आणि ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. तालुका, जात आणि घटनेचे वर्ष एकत्र दिले की गावात कोणालाही उलगडा होतो. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंध-संग्रहावर सर्वांना खुले असतात, हे विद्यार्थ्याच्या लक्षात आणून द्यावे. मुलाखत देणारी मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती मिळणाऱ्यावर ती पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे. तेव्हा ‘हे आपल्यातच राहील’ असे वचन देण्याचा संशोधकाला अधिकारच नाही, आणि ही गोष्ट मुलाखतीच्या आधी स्पष्ट बोलावी लागते. घरगुती हिंसेच्या सर्वेक्षणात एका घरातील एकाच स्त्रीशी त्या विषयावर बोलावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडकही अर्जाच्या अटींत घालावा, म्हणजे सासू आणि सून या दोघींना एकच प्रश्नावली नेऊन देण्याचा अविचार टळेल.

परिषदेच्या शिक्क्याचे पत्र ही बिनखर्चाची मदत आहे. तुरुंगातील स्त्रियांवर काम करायचे तर पुण्यातील कारागृह मुख्यालयाची परवानगी लागते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेल्या महिला व बालकांच्या विशेष कक्षासारख्या ठिकाणी जायचे तरी ओळख लागते. पत्र ठरीव साच्याचे नसावे. कोणते कागद, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली पाहायचे, हे त्यात असावे.

रक्कम दोन हप्त्यांत द्यावी, पण पहिला हप्ता मोठा ठेवावा, कारण एसटीचे भाडे, सहीशिक्क्याच्या नकलांचे शुल्क आणि मुलाखती ऐकून लिहून काढण्याची मजुरी हे सारे आधीच द्यावे लागते. समुपदेशकाची फी खर्चाचे स्वतंत्र शीर्षक म्हणून मान्य करावी. महिनोन्‌महिने असे जबाब वाचणाऱ्या विद्यार्थ्याला तिची गरज पडते आणि ती मागायला तो संकोचतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा दिली आहे. परिषदेची मुदतही तितकीच वाढावी आणि त्यासाठी वेगळा अर्ज मागू नये. दुसरा हप्ता प्रबंध पूर्ण होण्याशी बांधू नये. क्षेत्रकार्याचा लहानसा अहवाल आणि सामग्री कोठे, कोणाच्या ताब्यात, किती वर्षे ठेवली जाणार याची लेखी नोंद हाती आली की तो वळता करावा.