जुन्या बी-२७५चे पार्ट आणायला निघण्याआधी

शेडात बारा वर्षं उभा असलेला अण्णांचा बी-२७५ ट्रॅक्टर पुन्हा चालू करायचा असं ठरलं आणि पहिल्याच फेरीत मी माती खाल्ली. निफाडहून नाशिक गाठलं, काउंटरवर म्हणालो, "दोनशे पंच्याहत्तरचे नोझल द्या, चार." त्याने काही न विचारता पुड्या पुढे सरकवल्या. घरी आल्यावर मेस्त्रींनी एक नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी, उजेडात धरला, टोकाकडे पाहिलं आणि पुन्हा पुडीत घातला. "हे डीआयचे. आपला हीटरवाला आहे." दुकानदाराने माल परत घेतला नाही. त्याची तक्रार करण्यात अर्थ नव्हता, कारण मागितलं तेच त्याने दिलं होतं.

म्हणून पहिली तयारी म्हणजे आपल्याकडे नेमकं काय उभं आहे ते कळणं. २७५ हा आकडा आजही शोरूममध्ये नव्या ट्रॅक्टरवर दिसतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. मूळ बी-२७५ इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या कारखान्यात तो १९५८ ते १९६८ बनत होता. आपल्याकडे तो आला महिंद्रा आणि हार्वेस्टर यांनी १९६३ साली मिळून काढलेल्या कंपनीमार्फत. इंजिन बीडी-१४४, चार सिलिंडर, १४४ घनइंच म्हणजे साधारण २.४ लिटर, ताकद ३५ हॉर्सपॉवरच्या घरात. या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर न पडता आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पेटतं, म्हणून थंडीत हीटर प्लग तापवल्याशिवाय ते उठत नाही. त्याच्या नोझलच्या टोकाला मधोमध एकच भोक असतं आणि त्यातून बारीक पिन डोकावते. पुढच्या डीआय, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर फवारणाऱ्या, मॉडेलच्या नोझलला टोकावर सुईने पाडल्यासारखी तीन-चार भोकं असतात. बसवताना फरक जाणवेल असं समजू नका, नुसता धूर निघेल आणि तुम्ही पंपाला दोष देत बसाल.

तेव्हा घरून निघण्याआधी वायर ब्रश आणि रॉकेलचं फडकं घेऊन ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारा. चॅसी नंबर, इंजिन नंबर, डिझेल पंपावरची पत्र्याची पट्टी, डायनामो आणि सेल्फवरची (स्टार्टरवरची) पट्टी, सगळ्यांचे फोटो काढा. पंपाची पट्टी सर्वांत महत्त्वाची. पन्नास वर्षांत कुठल्या गॅरेजने कुठला पंप चढवला असेल सांगता येत नाही, आणि पंप जुळवून देणारा कॅलिब्रेशनवाला पहिला प्रश्न तोच विचारतो. इंजिनावर ओतीव अक्षरं असतात, ती खडूने घासली की फोटोत उठून दिसतात.

मग खोलायला घ्या, पण एका दिवसात सगळा ट्रॅक्टर जमिनीवर मांडायचा हौशीपणा करू नका. आम्ही द्राक्षाचे रिकामे क्रेट घेतले. एका क्रेटमध्ये एकच भाग: पुढचा अॅक्सल, क्लच, लिफ्ट, असं. नटबोल्ट ज्या भोकातून निघाले तिथेच परत हाताने लावून ठेवले. जे लावता आले नाहीत ते पिशवीत, वर चिठ्ठी. पेनाची शाई डिझेलने पुसते, म्हणून पेन्सिलीने लिहा.

आता मापं. हे काम कंटाळवाणं आहे, पण फेऱ्या वाचतात त्या इथेच. हा ट्रॅक्टर इंचात बनलेला आहे. आपले जुने मेस्त्री इंचाचे आठ सूत धरतात, म्हणजे चार सुती बोल्ट अर्ध्या इंचाचा. दुकानात आज सर्रास १२ एमएमचा बोल्ट हातात पडतो. तो अर्ध्या इंचाच्या नटात दोन-तीन आटे जातो, धरल्यासारखा वाटतो आणि ताण आला की सुटतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम, फरक नखाएवढाही नाही. शिवाय आट्यांतही जाती आहेत. अर्ध्या इंचाचा बारीक आट्याचा यूएनएफ बोल्ट इंचाला २० आटे घेतो, जाड आट्याचा यूएनसी १३, आणि जुना व्हिटवर्थ १२. हार्डवेअरवाल्याकडे आट्याचा गेज असतोच असं नाही, म्हणून स्वतःचा घ्या. पत्त्यांच्या पानांसारखं उघडणारं ते छोटं हत्यार मी आता मोबाइलइतकं जपतो.

बेअरिंगचं मात्र सोपं आहे. तिथे ट्रॅक्टरचं नावही काढू नका. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो सांगा. ६२०६ म्हणजे आतून ३० एमएम, बाहेरून ६२, जाडी १६. तो ट्रॅक्टरला लागतो की पिठाच्या गिरणीला, याच्याशी दुकानदाराला काही घेणं नाही. नंबरात एलएमसारखी अक्षरं असतील तर तो बहुधा इंची मापाचा टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरचा बेअरिंग. एलएम११९४९ आतून १९.०५ एमएम भरतो, म्हणजे आपले सहा सूत. ऑइल सीलवरही आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी छापलेली असते. सील वाळून अक्षरं गेली असतील तर मोडकं सील आणि ज्या शाफ्टवर ते बसतं त्याचं व्हर्नियरने घेतलेलं माप, दोन्ही न्या.

यादी करताना वहीत मी चार पानं केली होती: नंबरावर मिळणारं, मॉडेल सांगून मिळणारं, जुन्यातच शोधायचं आणि बनवून घ्यायचं. पहिल्या पानावरचं नाशिकच्या द्वारका आणि मुंबई नाक्याकडे हिंडून एका दिवसात उरकलं. क्लच प्लेट, पाण्याचा पंप, फिल्टर, गॅसकेट हे दुसऱ्या पानावरचं. त्यासाठी पिंपळगाव बसवंतपासून दिंडोरीपर्यंतच्या ट्रॅक्टरवाल्यांना आधी फोन करा आणि फोटो पाठवा. "आहे, या" एवढ्यावर गाडी काढू नका. "वस्तू हातात घेऊन फोटो पाठवा" म्हणा. निम्म्या ठिकाणाहून फोटोच येत नाही, तिथेच उत्तर कळतं.

नोझल आणि पंपासाठी नाशिककरांना लांब जायची गरज नाही. ज्या मायकोच्या कारखान्यावरून मायको सर्कलला नाव पडलं, तो सातपूरचा कारखाना आता बॉशच्या नावाने चालतो आणि डिझेलचे नोझल हीच त्याची ओळख. त्यामुळे या गावात नोझल हातात घेऊन वाचणारी माणसं अजून आहेत. जुने नोझल फेकण्याआधी टेस्टरवर लावून बघा. आमच्या चारांतले दोन नुसते साफ करून चालले.

पिस्टन आणि क्रँकवर बसणाऱ्या बेअरिंग शेलबाबत एकच क्रम पाळा, आणि मेस्त्री कितीही घाई करोत, सोडू नका. आधी मोजणी, मग माल हातात, मग मशीन. क्रँक घासला की तो दहा, वीस, तीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) अशा पायऱ्यांनी खाली जातो. तुम्ही वीसला घासून आणलात आणि बाजारात तीसचेच शेल निघाले, तर पुन्हा घासावा लागेल आणि आयुष्याची एक पायरी फुकट जाईल. उलटं झालं, म्हणजे वीसचे मिळत असताना तीसला घासला, तर क्रँक पुढ्यात घेऊन बसायचं. पिस्टनचंही तेच. बोअरवाल्याला पिस्टन द्या आणि म्हणा, याच्या मापाने कर.

तिसरं पान भंगाराचं. अजूनही लोक अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार सांगतात. तो महापालिकेने २०१७ साली उठवला, पुन्हा बसला, २०२५ मध्ये परत उठवला. ऐकीव पत्त्यावर टेम्पो घेऊन जाऊ नका. मला विचाराल तर सुटे पार्ट गोळा करण्यापेक्षा एक मेलेला बी-२७५ शोधा. सिन्नर, येवला, मालेगावकडच्या वस्त्यांवर बाभळीखाली असे पुष्कळ उभे आहेत. मडगार्ड, स्टिअरिंग बॉक्स, लिफ्टचे हात, बॉनेटची जाळी ही ओतीव आणि पत्र्याची कामं एकदम मिळतात. सौदा वजनावर करा आणि काट्यावर तुम्ही स्वतः उभे राहा. मालकाकडून आरसीची प्रत आणि विक्रीची चिठ्ठी घ्या. विशेषतः त्यातला इंजिन ब्लॉक वापरणार असाल तर, कारण नंबर बदलला की आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी पेठ रोडची फेरी आहेच.

चौथ्या पानासाठी मात्र नाशिकसारखं गाव नाही. अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीत लेथवाले, गिअर कापणारे, हार्डनिंग करणारे गल्लीगल्लीत आहेत. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनचे बुश गनमेटलमध्ये करून घेतले, मूळच्यापेक्षा चांगले झाले. गिअर द्यायचा असेल तर मोडका दात असलेला का होईना, नमुना द्या आणि एक गोष्ट बजावा: हे दात मॉड्यूलमध्ये, म्हणजे एमएमच्या मापात नाहीत, डीपी या इंची मापात आहेत. ८ डीपी म्हणजे ३.१७५ मॉड्यूल. जवळ पडतो म्हणून तीनचा कटर लावला तर गिअर दिसायला हुबेहूब होईल, फिरताना रडेल. कापल्यावर हार्डनिंग झालं का तेही विचारा. कानस लावून बघा, घसरली पाहिजे.

रंग, स्टिकर, बिल्ला यांचा विचार आता करू नका. अण्णा रोज विचारतात, "लाल कधी करणार रे?" मी रोज रेडिएटरकडे बोट दाखवतो. टायरचंही घाईचं नाही. पुढचे ६.००-१६ कधीही मिळतात. मागचे घेताना रिमवरचा आकडा बघून घ्या. जुना ११-२८ आता १२.४-२८ म्हणून विकला जातो.

वेळ साधायची तर श्रावण-भाद्रपद. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की मेस्त्री फवारणीच्या ब्लोअरच्या ट्रॅक्टरांत अडकतात, तुमचं म्हातारं इंजिन कोपऱ्यात जातं.

निघायच्या आदल्या रात्री गोणपाटाची पिशवी भरा: जुने पार्ट धुऊन, व्हर्नियर, आट्याचा गेज, वही, पेन्सिल, चिंध्या. दुकानात जुना पार्ट काउंटरवर ठेवून दाखवा, पण नवा हातात आला म्हणून तो तिथे सोडू नका. नवा बसवून ट्रॅक्टर दोन-चार तास चालेपर्यंत जुना क्रेटमध्येच राहू द्या. आमच्याकडे ते डीआयचे चार नोझलही अजून पुडीत आहेत, कुणाला लागत असतील तर.