लेकीच्या फीसाठी मे महिन्यातच तहसील गाठा

आमची दारव्ह्याकडं पाच एकर कोरडवाहू कपाशी, अन् मी शिलाई करते. पोरगी अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे.

बायांनो, मुलींच्या फी माफीला लागणारा उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढा. जूनमध्ये सेतू केंद्रावर माझे चार दिवस गेले, ऐन पेरणीत. प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यात ही फी माफी मिळत नाही. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (मराठा) मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण अन् परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. ‘आपण काही गरीब नाही’ म्हणून अर्ज सोडू नका, ही मर्यादा आपल्यासारख्यांसाठीच आहे. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण करा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेही आधी बघा.

मेस अन् खोलीभाडं मात्र उरतंच. त्यासाठी मी कापूस विकला, की पहिले वर्षभराची मेस बाजूला काढते.