फर्लर अडला की ओढू नका, आधी वर बघा

शिडाच्या बोटीत वारा वाढला की पुढच्या डेकवर रांगत न जाता कॉकपिटमधूनच जिब, म्हणजे पुढचं शीड, गुंडाळता यावी, यासाठी फर्लर असतो. पण शांत हवेत कसाबसा फिरणारा फर्लर जोराच्या वाऱ्यात हमखास अडतो, आणि गरज नेमकी तेव्हाच असते. अशा वेळी दोष बहुधा यंत्रात नसतो, ते बसवण्यात असतो. म्हणून धक्क्यावरचा एक निवांत तास याला द्याच.

आधी रचना समजून घेऊ. डोलकाठीला पुढून ताणून धरणारी तार म्हणजे फोरस्टे. तिच्यावर खाच असलेली लांब नळी चढवलेली असते, ती फॉइल. जिबची पुढची कड त्या खाचेत सरकते. खाली ड्रम असतो, त्यावर दोरी गुंडाळलेली. दोरी ओढली की ड्रम आणि फॉइल एकत्र फिरतात आणि शीड गुंडाळलं जातं. वर स्विव्हल, म्हणजे फिरता जोड, असतं. त्याचा खालचा भाग शिडासोबत फिरतो. वरचा भाग, ज्याला हॅलयार्ड (शीड वर चढवण्याचा दोर) बांधलेला असतो, तो मात्र जागचा हलता कामा नये. बहुतेक गंभीर बिघाड हा वरचा भाग फिरू लागल्यामुळेच होतात.

दोरी भरणे

शीड चढवण्याआधीच दोरी भरा. जिबच्या मागच्या आणि खालच्या कडेला उन्हापासून बचावासाठी जाड कापडाची पट्टी शिवलेली असते. गुंडाळल्यावर ती बाहेर दिसायला हवी, नाहीतर ऊन थेट शिडाच्या कापडाला खातं. पट्टी शिडाच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहा, ती बाहेर राहण्यासाठी फॉइल कुठल्या दिशेने फिरायला हवी ते ठरवा, आणि आता फॉइल हाताने बरोबर उलट दिशेने फिरवत दोरी ड्रमवर भरा. एका हाताने दोरीला हलका ताण देत राहा. सैल भरलेली दोरी पुढे नक्की गुंतते.

किती भरायची? जिब पूर्ण गुंडाळल्यावर तिच्याभोवती शीटचेही (जिबचा मागचा कोपरा ओढून धरणाऱ्या दोरीचेही) दोन-तीन वेढे बसले पाहिजेत, आणि तरीही ड्रमवर तीन-चार वेढे उरले पाहिजेत. इथे बरेच जण फसतात. शांत हवेत शीड सैल गुंडाळलं जातं, जोराच्या वाऱ्यात घट्ट. घट्ट गुंडाळीला जास्त फेरे लागतात, त्यामुळे शांत हवेत बेताने भरलेली दोरी वाऱ्यात संपते आणि जिबचा कोपरा फडफडत बाहेर राहतो. उलट ड्रम काठोकाठ भरला तर शीड उघडताना दोरी कडेवरून घसरते.

ड्रमपासूनची पहिली कप्पी अशी लावा की दोरी ड्रमच्या अक्षाशी काटकोनात आणि त्याच्या मध्यावर येईल. कप्पी थोडी वर किंवा खाली असली तरी दोरीचा एकाच बाजूला ढीग होतो.

शीड चढवणे

जिब वर गेल्यावर स्विव्हल फॉइलच्या वरच्या टोकाजवळ असावं, पण टोकाच्या बाहेर जाऊ नये. तिथून डोलकाठीकडे जाणारा हॅलयार्ड फोरस्टेशी निदान 8 ते 10 अंशांचा कोन करून मागे जायला हवा. हा कोन मिळाला की हॅलयार्ड स्विव्हलच्या वरच्या भागाला फिरू देत नाही. जिब उंचीला कमी असेल तर स्विव्हल खालीच राहतं, हॅलयार्ड फोरस्टेला समांतर जातो, आणि फॉइल फिरताच तिच्याभोवती वेटोळं घालतो. यावर उपाय म्हणजे शिडाचं टोक आणि स्विव्हल यांच्यामध्ये तारेचा तुकडा जोडून स्विव्हल वर नेणं. त्यानेही कोन मिळत नसेल, तर डोलकाठीच्या पुढच्या अंगाला हॅलयार्ड मागे दाबून धरणारी कडी बसवतात.

जिबच्या पुढच्या कडेच्या आडव्या सुरकुत्या जाईपर्यंतच हॅलयार्ड ताणा. त्याहून ताणला तर स्विव्हलवर भार येऊन फिरवणं जड होतं. फोरस्टे मात्र ताठच हवा, कारण झोळ पडलेल्या तारेवर फॉइल नीट फिरत नाही.

अडला तर

एक-दोन फेरे सहज झाले आणि मग दोरी एकदम दगडासारखी थांबली. उलट सोडली की पुन्हा मोकळी झाली. हे हॅलयार्ड गुंडाळल्याचं लक्षण. इथे दोरी विंचवर (दोर जोराने ओढण्याच्या चरकीवर) घेऊ नका, कितीही घाई असली तरी! विंचच्या जोराने हॅलयार्ड फॉइलवर आवळतो, फॉइल वाकते, फोरस्टेला पीळ बसून तिच्या तारा उकलतात किंवा तुटतात. फोरस्टे गेला तर डोलकाठी पडू शकते. थांबा, दोरी सोडून शीड पुन्हा उघडा म्हणजे वेटोळं सुटेल, आणि दुर्बिणीतून वर पाहा. कधीकधी दोषी जिबचा हॅलयार्ड नसतोच, शेजारचा मोकळा हॅलयार्ड स्विव्हलमध्ये अडकलेला असतो. तो डोलकाठीच्या बुंध्याशी बांधत चला. समुद्रात सुटलंच नाही, तर वारा मागून घेत बोट चालवा, मुख्य शिडाच्या आडोशाने जिबवरचा जोर कमी होईल, मग वेटोळं सोडवून ती सरळ डेकवर उतरवा.

बिघाड ड्रममध्ये असेल तर तो समोरच दिसतो: दोरीचा एक वेढा दुसऱ्याखाली दबलेला. शीड उघडताना दोरी हातातून मोकळी सोडून दिली की हे होतं. शीट सैल करा, थोडं उलट फिरवा, दबलेला वेढा मोकळा करा. शिडावर भार असताना ड्रममध्ये बोटं घालू नका.

सगळं सरळ असूनही फिरवणं जड वाटत असेल, तर मीठ साठलेलं असतं. ड्रम आणि स्विव्हल फिरवत फिरवत भरपूर गोड्या पाण्याने धुवा. प्लास्टिकच्या गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरू नका, त्यात धूळ चिकटते. उत्पादकाने ग्रीस सांगितलं असेल तरच ते वापरा. फॉइलच्या सांध्यांचे स्क्रूही याच वेळी तपासा.

गुंडाळताना शीट पूर्ण सोडू नका. तिच्यावर हलका ताण असला की गुंडाळी घट्ट बसते. जिब अर्धवट गुंडाळून चालवायची असेल तर शीटची कप्पी पुढे सरकवा, नाहीतर शिडाची वरची कड उघडी पडून फडफडते.

बोट सोडून जाताना फर्लरची दोरी क्लीटवर (दोरी अडकवण्याच्या खुंटीवर) पक्की करा, शीटचे वेढे आहेत ना पाहा, आणि गुंडाळीवर एक वेगळी दोरी बांधा. वादळाचा इशारा असेल तर जिब उतरवून खालीच ठेवा, कारण गुंडाळलेल्या शिडाचा एक कोपरा जरी सुटला तरी वारा त्यातून सगळं शीड बाहेर ओढतो.