पाककृती देताना: द्राक्षांचा केक आणि नागलीची नानकटाई

संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून होळीपर्यंत नाशिकमध्ये द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असतो आणि त्याच दिवसांत घरी बेकिंग करणाऱ्यांच्या ओव्हनलाही उसंत नसते. भिशीला कुणी केक घेऊन येते, कुणी शेजारी कुकीजचा डबा पाठवते आणि दुसऱ्या दिवशी पाककृतीची विचारणा सुरू होते. तिचे उत्तर बहुधा असे असते: दोन वाट्या मैदा, वाटीभर दही, आवडीप्रमाणे साखर आणि भज्यांच्या पिठाइतके सैल मिश्रण. भाजी-आमटीसाठी एवढे सांगणे पुरते, कारण ती गॅसवर असताना चव घेऊन सुधारता येते. केक ओव्हनमध्ये गेल्यानंतर मात्र त्यात काहीच सुधारता येत नाही. म्हणून दुसऱ्याच्या घरी आपलाच केक जसाच्या तसा व्हावा असे मनापासून वाटत असेल, तर पाककृतीत जिन्नसांचे वजन, साच्याचे माप, ओव्हनची उष्णता आणि पदार्थ झाल्याची खूण या चार गोष्टी लिहूनच द्याव्यात. त्या कशा लिहाव्यात हे येथे आपल्या भागातल्या दोन पदार्थांच्या आधारे सांगितले आहे.

वजनापासून सुरुवात करावी. आमटीची वाटी प्रत्येक घरी वेगळी असतेच, पण बाजारात मिळणारा २४० मिलीचा मोजमापाचा कप वापरला तरी मैद्याचे वजन एकसारखे येत नाही. चाळलेला मैदा चमच्याने अलगद भरला तर कपात साधारण १२० ग्रॅम बसतो, आणि तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. दोन कपांच्या केकमध्ये हा फरक ५० ते ६० ग्रॅमचा होतो, आणि एकीचा केक हलका तर दुसरीचा घट्ट का झाला याचे उत्तर बहुतेक वेळा तेथेच सापडते. त्यामुळे स्वयंपाकघरात एक डिजिटल काटा असावाच. साच्यांवर आणि सजावटीच्या नोझलवर खर्च करण्याआधी काट्यावर करावा, असे माझे ठाम मत आहे. सोडा आणि बेकिंग पावडर मात्र घरगुती काट्यावर नीट मोजता येत नाहीत, कारण इतक्या थोड्या वजनाला तो काटा भरवशाचा नसतो. त्यासाठी ५ मिलीचा मोजमापाचा चमचा घ्यावा, तो भरून वरून सुरीने सपाट करावा आणि पाककृतीत ‘सपाट चमचा’ असेच लिहावे.

साच्याचे माप लिहायचे राहून जाते आणि सर्वांत जास्त घोळ त्यामुळेच होतो. ८ इंची गोल साच्यातले मिश्रण ६ इंची गोल साच्यात ओतले, तर तळाचे क्षेत्रफळ जवळजवळ निम्म्यावर येते. थर जाड होतो, वरचा भाग करपतो आणि मधला कच्चा राहतो. ८ इंची गोल साचा नसेल, तर ७ इंची चौकोनी साचा चालतो, कारण दोघांचे क्षेत्रफळ जवळपास सारखे असते. भांडी बाजारातला साधा ॲल्युमिनियमचा साचा उत्तम काम देतो. काळ्या, नॉनस्टिक साच्यात कडा लवकर लाल होतात, म्हणून साच्याचा रंगही सांगावा.

आता केककडे वळू. हा बिनअंड्याचा आहे. ८ इंची गोल साच्यासाठी १९० ग्रॅम मैदा, १४० ग्रॅम साखर, पाणी काढून टाकलेले २०० ग्रॅम घट्ट दही, ९० ग्रॅम वास नसलेले तेल, सव्वा सपाट चमचा बेकिंग पावडर, अर्धा सपाट चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल, दोन चमचे लिंबाचा रस आणि ३५० ग्रॅम बिनबियांची द्राक्षे घ्यावीत. सालीचा फक्त पिवळा भाग किसावा, पांढरा भाग आल्यास कडवटपणा येतो.

द्राक्षे कोणती घ्यावीत, याला महत्त्व आहे. हंगामाच्या शेवटी येणारी मधासारखी गोड द्राक्षे नुसती खावीत. केकसाठी जानेवारीतली, थोडी आंबट राहिलेली द्राक्षे अधिक चांगली, कारण मिश्रणात साखर असतेच आणि त्या गोडात आंबटपणा उठून दिसतो. थॉमसन जातीची हिरवी द्राक्षे पातळ सालीची असल्याने केकमध्ये विरघळल्यासारखी होतात. शरद सीडलेससारखी काळी द्राक्षे आकार धरून राहतात आणि काप सुंदर दिसतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या बागांतून आलेला माल ताजा असला, तरी घड मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावा, वाहत्या पाण्याखाली धुवावा आणि मणी देठापासून सोडवून सुती कापडावर पूर्ण कोरडे करावेत.

ही द्राक्षे कच्ची मिश्रणात घालू नयेत. द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी असते, आणि भाजताना ते बाहेर आले की प्रत्येक मण्याभोवती ओला, चिकट भाग तयार होतो, ज्याला खाणारा ‘कच्चा राहिला’ असेच समजतो. म्हणून ट्रेमध्ये बटर पेपर घालून मणी एका थरात पसरावेत आणि १९० अंश सेल्सियसवर २० ते २५ मिनिटे भाजावेत. साल सुरकुतते, काही मणी फुटतात, कागदावर रस सुटून कडेला पाकासारखा दाट होऊ लागतो, आणि एरवी शांत असणाऱ्या या फळाचा जॅमसारखा वास घरभर पसरतो. येथे थांबावे. मूळ वजनाच्या साधारण दोन तृतीयांश द्राक्षे हाती येतात. सुटलेला रस मिश्रणात घालू नये. तो वाटीत काढून ठेवावा आणि केक झाल्यावर वरून सोडावा.

काळी द्राक्षे घेतली असतील, तर भाजलेल्या मण्यांना लिंबाचा अर्धा रस चोळावा. काळ्या द्राक्षांच्या सालीतला रंग आंबट पदार्थात लाल-जांभळा राहतो, पण सोड्याचा संबंध आला की निळसर, करडा, कधी हिरवट होतो. केकच्या कापात मण्याभोवती हिरवे कडे दिसले की लोक बुरशीच्या शंकेने तो बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात तो केवळ रंगबदल असतो आणि लिंबामुळे तो बराचसा टळतो.

मिश्रण करण्याआधी ओव्हन १७५ अंशांवर तापत ठेवावा, साच्याला तेल लावून तळाशी बटर पेपर घालावा. मैदा, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ दोनदा एकत्र चाळावे. दुसऱ्या भांड्यात दही, साखर आणि तेल साखर विरघळेपर्यंत फेटावे, त्यात लिंबाची साल आणि उरलेला रस घालावा. दह्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. नाशिकच्या थंडीत, म्हणजे निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या येत असतात त्या दिवसांत, दही उशिरा लागते आणि गोडसर राहते. एप्रिलमध्ये तेच दही दुपारपर्यंत आंबट होते. सोड्याला वायू तयार करण्यासाठी आंबटपणा लागतो, तेव्हा हिवाळ्यातल्या गोड दह्यात लिंबाचा रस आणखी एक चमचा घालावा. दही फ्रिजमधून काढून तासभर बाहेरही ठेवावे.

ओल्या मिश्रणात कोरडे जिन्नस दोन भागांत घालून उलथन्याने खालून वर असे अलगद मिसळावे. पीठ दिसेनासे झाले की हात थांबवावा, कारण जास्त घोटल्यास मैद्यातले ग्लुटेन ताणले जाते आणि केक चिवट होतो. बारीकसारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. सोडा दह्याला लागताच बुडबुडे सुरू होतात, त्यामुळे पुढची कामे विनाविलंब करावीत. मिश्रण इतके घट्ट असावे की चमच्यावरून धार न लागता ते गोळ्यागोळ्यांनी पडावे. सैल वाटल्यास एक-दोन चमचे मैदा वाढवावा. फळे तळाशी बसू नयेत म्हणून ती मैद्यात घोळवा असे सगळीकडे सांगितले जाते. त्याचा उपयोग थोडाच होतो, खरा आधार घट्ट मिश्रणाचाच असतो. निम्मे मिश्रण साच्यात ओतावे, त्यावर निम्मी द्राक्षे पसरावीत, उरलेले मिश्रण घालून राहिलेली द्राक्षे वर ठेवावीत.

मधल्या जाळीवर ४० ते ४५ मिनिटे भाजावे. छोट्या ओटीजीमध्ये (ओट्यावर ठेवायच्या विजेच्या ओव्हनमध्ये) वरचा रॉड केकच्या फार जवळ असतो, म्हणून अर्ध्या तासानंतर वरचा भाग लाल झालेला दिसल्यास त्यावर फॉइल सैलसर ठेवावी. पहिली २५ मिनिटे दार उघडू नये. घरगुती ओव्हनची बटणावरची आणि आतली उष्णता यांत १० ते २० अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतला की तो फरक एकदाचा कळतो आणि पुढे प्रत्येक पाककृतीत उपयोगी पडतो. पंख्याचा मोड वापरत असाल, तर उष्णता १५ अंशांनी कमी ठेवावी, आणि पाककृती देताना मोड कोणता होता हेही सांगावे.

मिनिटांपेक्षा खूण अधिक विश्वासाची. कडा साच्यापासून किंचित सुटतात, मध्यभागी बोटाने हलके दाबल्यावर भाग परत वर येतो आणि टूथपिक मण्यात न शिरता केकमध्ये गेली तर कोरडी, फार तर दोन-चार कण चिकटलेली निघते. टूथपिक द्राक्षात घुसली तर ओलीच येणार, त्यामुळे दोन ठिकाणी पाहावे. साच्यात १० मिनिटे, मग जाळीवर पूर्ण गार होईपर्यंत ठेवावा. गरम केक कापल्यास आतली वाफ निघून जाते आणि काप चिकट दिसतो.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांच्यासाठी जाड बुडाचे जुने पातेले पुरते. त्यात मिठाचा एक इंची थर, वर स्टँड आणि घट्ट झाकण ठेवून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवावे, मग साचा ठेवून मंद आचेवर ५० ते ६० मिनिटे द्यावीत. कुकर वापरल्यास रिंग आणि शिट्टी दोन्ही काढूनच वापरावा. या पद्धतीत केक वरून लाल होत नाही, हे पाककृती देतानाच सांगावे, म्हणजे समोरची व्यक्ती रंगाची वाट पाहत तो कोरडा करणार नाही.

हंगाम संपल्यावर याच केकमध्ये द्राक्षांऐवजी १०० ग्रॅम बेदाणे आणि २ मोठे चमचे दूध घालावे. बेदाणे करताना द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून वाळवतात, म्हणजे सालीवरचा मेणचट थर सैल होऊन पाणी लवकर निघून जाते. त्यामुळे ते कोमट पाण्याने चोळून धुवावेत, मग गरम पाण्यात २० मिनिटे भिजवून, निथळून, पुसून घ्यावेत. न भिजवलेले बेदाणे आजूबाजूच्या केकमधला ओलावा ओढतात आणि वर राहिलेले करपून कडू लागतात.

नानकटाई त्यामानाने सोपी आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगराळ भागात पिकणारी नागली, म्हणजे नाचणी, येथे वापरली आहे. १०० ग्रॅम नागलीचे पीठ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परतून गार करावे. त्यात ६० ग्रॅम कणीक, २० ग्रॅम बेसन, पाव सपाट चमचा बेकिंग पावडर आणि वेलचीपूड मिसळून चाळावे. ११० ग्रॅम घट्ट तूप आणि ९० ग्रॅम पिठीसाखर रंग पांढुरका होईपर्यंत फेटावी आणि पीठ घालून न मळता फक्त गोळा करावा. नागलीत ग्लुटेन नसल्याने नुसत्या नागलीची नानकटाई हाताळताना भुगा होते, म्हणून कणकेचा आधार घेतला आहे. थंडीत तूप रवाळ आणि घट्ट असते, ते तसेच वापरावे. उन्हाळ्यात ते पातळ होते आणि नानकटाई ट्रेवर पसरते, तेव्हा गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. साधारण १८ ग्रॅमचे गोळे किंचित चपटे करून, अंतर ठेवून, १६० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजावेत. नागलीचा रंग मुळातच गडद असल्याने लाली दिसत नाही. येथे खूण अशी की वर बारीक भेगा पडतात आणि तळ एक छटा गडद होतो. बाहेर काढताना त्या मऊच लागतात आणि गार झाल्यावर खुसखुशीत होतात.

पदार्थ पाठवताना डब्यावर चिठ्ठी लावावी. अंडे आहे की नाही, सुकामेवा आणि गहू आहे की नाही आणि पदार्थ कोणत्या दिवशी केला, एवढे तिच्यावर असावे. उपवास, पथ्य आणि ॲलर्जी विचारण्याचा संकोच अनेकांना असतो, चिठ्ठीने तो राहत नाही. द्राक्षांचा केक ओलसर असल्याने हिवाळ्यात एक दिवस बाहेर राहतो, त्यानंतर फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावा. उन्हाळ्यात तो गार होताच फ्रिजमध्ये ठेवावा. नानकटाई पूर्ण गार करून हवाबंद डब्यात ठेवल्यास दोन आठवडे चांगली राहते. विक्री सुरू करायची असल्यास आधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्यावी.

आणि पाककृती दिल्यानंतर आठवड्याने फोन करून विचारावे: साचा कोणता घेतला, किती मिनिटे लागली, दही कसे होते. मिळालेली उत्तरे आपल्या वहीत त्याच पाककृतीखाली तारीख घालून लिहावीत, म्हणजे पुढच्या जानेवारीत ती मागणाऱ्याला दोन ओव्हनचा अनुभव एकत्र देता येईल.